शाल, श्रीफळ आणि सात मिनिटांची चर्चा

परवा एका फिल्म फेस्टिव्हलमध्ये अख्खा दिवस इटालियन सिनेमांचा होता. चार सिनेमे, आणि वेळापत्रकात प्रत्येकापुढे ‘दिग्दर्शक-संवाद’ असं छापलेलं. सकाळच्या ‘बायसिकल थीव्ज’पुढेसुद्धा, म्हणजे दिग्दर्शक डी सिकांच्या सिनेमापुढे. डी सिका जाऊन पन्नास वर्षं होऊन गेली हो. तेव्हा तो संवाद काही झाला नाही, त्याऐवजी चहा झाला. फेस्टिव्हलचं नाव लिहीत नाहीये, कारण मी आजवर पास काढून पाहिलेल्या जवळजवळ सगळ्याच फेस्टिव्हलची ही गोष्ट आहे, उगाच एकाच्याच नावाने खडे कशाला फोडू.

खरा संवाद होता तो दुसऱ्या सिनेमानंतर. इटलीहून आलेली एक तरुण डॉक्युमेंटरी दिग्दर्शिका होती, तिचा स्वतःचा सिनेमा रात्री होता, पण एर्मान्नो ओल्मी या जुन्या इटालियन दिग्दर्शकाच्या सिनेमावर बोलायला ती दुपारीही बसणार होती. वेळ पंचवीस मिनिटं. त्यातली अकरा मिनिटं शाल, श्रीफळ, पगडी, मानचिन्ह, मग मानचिन्ह उलटं धरलं गेलं म्हणून परत फोटो, मग प्रायोजकांचे आभार यात गेली. मी घड्याळ लावून मोजली, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. पगडी तिला मोठी होत होती, डोळ्यांवर येत होती, ती बिचारी हसून हसून सावरत होती. पुढची सात मिनिटं सूत्रसंचालकाने तिची ओळख करून दिली आणि ती ओळख कुठून उतरवली होती ते माझ्या शेजारच्या पोराने मोबाईलवर काढून दाखवलं, शब्द न शब्द तोच. उरली सात मिनिटं. त्यांचं काय झालं ते पुढे सांगते.

माझं म्हणणं एवढंच आहे की असा एखाद्या देशाचा दिवस ठेवायचा असेल तर चार सिनेमे दाखवू नका, दोन दाखवा, उरलेला वेळ बोलायला द्या, आणि ते बोलणं मराठीत होऊ द्या. दुभाषा लागेल, तर लागू दे. आणि हे जमणार नसेल तर त्या माणसाला एवढ्या लांबून बोलावूच नका, विमानाचे पैसे तरी वाचतील.

हे मी संध्याकाळी एका मित्राला म्हटलं तर तो खवळला. म्हणे सिनेमा स्वतः बोलतो, त्याच्या नंतर कुणी बडबड कशाला करायची, आणि इतके चांगले सिनेमे मोठ्या पडद्यावर परत कधी बघायला मिळणार, तू दोन कमी करायला निघालीस! यातलं दुसरं म्हणणं मला समजतं. एकेकाळी ते अगदी खरं होतं. जानेवारी १९५२ मध्ये फिल्म्स डिव्हिजनने मुंबईत आपल्याकडचा पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरवला, तेव्हा ‘बायसिकल थीव्ज’, ‘रोम, ओपन सिटी’, ‘मिरॅकल इन मिलान’ हे सिनेमे आपल्या लोकांनी पाहिले. ते पाहिलेल्या बिमल रॉयनी पुढच्याच वर्षी ‘दो बीघा जमीन’ आणला. तिथे सायकल गेली, इथे हातरिक्षा आली, बापलेक दोन्हीकडे. तेव्हा सिनेमाची रीळं जहाजाने यायची, एकदा गेली की गेली, त्यामुळे जितके मिळतील तितके सिनेमे अधाशासारखे बघणं बरोबरच होतं. आज परिस्थिती उलटी आहे. यातले बहुतेक सिनेमे घरबसल्या, रिस्टोअर केलेले, चकाचक मिळतात. जे घरबसल्या मिळत नाही ते म्हणजे सिनेमा करणारा माणूस आणि शेजारच्या खुर्चीवरचा अनोळखी माणूस. आणि आपण नेमके तेच दोघं वाया घालवतो.

राहिलं पहिलं म्हणणं, सिनेमा स्वतः बोलतो हे. बोलतो की. पण कुणाशी?

सकाळचंच उदाहरण घ्या. ‘बायसिकल थीव्ज’ लागला, मी तो पाचव्यांदा पाहत असेन. त्याच शेजारच्या पोराने दहाव्या मिनिटाला कुजबुजून सांगितलं, “लिप-सिंक गंडलंय, प्रिंट खराब दिसतेय.” प्रिंट उत्तम होती. इटलीत तेव्हा, आणि नंतरही कित्येक वर्षं, आवाज मागाहून स्टुडिओत भरायची पद्धत होती. चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा असायचा, दिग्दर्शक फेलिनी तर म्हणे काही नटांना संवादाऐवजी नुसते आकडे म्हणायला लावायचे, एक दोन तीन चार, आणि खरे शब्द नंतर. हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. ते कुणी सांगितलं नाही, म्हणून तो मुलगा ‘फेस्टिव्हलवाले भंगार प्रिंट दाखवतात’ असं मत घेऊन घरी गेला असता. मी सांगितलं तेव्हा त्याचे डोळे चमकले आणि मग तो उरलेला सिनेमाभर ओठांकडेच बघत बसला, तो भाग वेगळा, चूक माझीच.

आणि मला त्या सिनेमाच्या नावाबद्दल बोलायचं होतं. मूळ इटालियन नावात चोर अनेकवचनी आहेत. अमेरिकेत तो लागला तेव्हा नाव झालं ‘द बायसिकल थीफ’, म्हणजे एकच चोर. सगळा सिनेमा तिथेच बिघडतो बघा, कारण सायकल चोरणारा एक आहेच, पण शेवटी पोराच्या देखत सायकलवर हात टाकणारा बापही आहे, आणि त्याला तिथपर्यंत आणणारे बाकीचे किती ते मोजायला आपल्यालाच सोडलंय. एकवचन केलं की त्या बापाचा प्रश्नच पुसला जातो. आता मराठीत म्हणून बघा, ‘सायकलचोर’. एक सायकलचोर, दहा सायकलचोर. एकवचन आणि अनेकवचन सारखंच! इंग्रजीला जे नाव ठरवताना घोळ घालावा लागला ते आपल्या भाषेत आपोआप, दोन्ही अर्थांसकट बसतं. हे मला तिथे, त्या थिएटरात, मोठ्याने कुणाला तरी सांगायचं होतं आणि समोरून कुणीतरी “हो, पण” म्हणायला हवं होतं. पण तिथे चहा चालू होता आणि बिस्किटं संपली होती.

त्याच सिनेमात सुरुवातीला ती बायको घरातल्या चादरी काढते, धुवून घड्या घालून गहाण टाकायला नेते, आणि तिथला माणूस ते गाठोडं घेऊन शिडीवरून वर वर चढत जातो, छतापर्यंत नुसत्या चादरींची गाठोडी. अख्ख्या शहराने झोपायच्या चादरी गहाण टाकल्यात. तिथे थिएटरात मागून कुणीतरी बाई “अगं बाई गं” असं म्हणाल्या. नुसतं तेवढंच. मला त्या बाईंचं ऐकायचं होतं, त्यांना काय आठवलं ते. त्या मला परत दिसल्या नाहीत.

आता इटलीचंच सांगते, कारण चर्चेच्या विरुद्ध बोलणाऱ्यांना सगळ्यात चांगला दारूगोळा तिथूनच मिळेल. युद्धानंतर इटलीत ‘चिनेफोरम’ नावाची पद्धत रुजली: आधी कुणीतरी सिनेमाची ओळख करून देणार, मग सिनेमा, मग चर्चा. चर्चच्या हॉलमध्ये पाद्री चालवायचे, आणि दुसरीकडे डावे त्यांच्या कामगार केंद्रांत चालवायचे, एकमेकांशी पटत नव्हतं पण सिनेमानंतर बोललं पाहिजे यावर दोघांचं एकमत. आणि मग व्हायचं तेच झालं, लोक कंटाळले. १९७६ सालच्या दोन सिनेमांत हा कंटाळा असा काही बाहेर आला की तिथे तो म्हणीसारखा झाला. एक फांतोत्झी नावाच्या गरीब बिचाऱ्या कारकुनाचा विनोदी सिनेमा, त्यात साहेबाला जुन्या सिनेमांचं वेड, तो सगळ्या ऑफिसला बळेच रशियन मूकपट बघायला बसवतो आणि वर चर्चा घेतो. त्या दिवशी टीव्हीवर इटलीची मॅच असते! शेवटी फांतोत्झी स्टेजवर जाऊन जाहीर करतो की हा सिनेमा म्हणजे अत्यंत भिकार आहे (मूळ शब्द याहून बराच वाईट आहे), आणि ब्याण्णव मिनिटं टाळ्या पडतात. दुसरा नान्नी मोरेत्ती या दिग्दर्शकाचा पहिला सिनेमा, सुपर-८ या हौशी लोकांच्या छोट्या फिल्मवर केलेला. त्यात चर्चेची घोषणा होताच एकजण कळवळून ओरडतो, नाही, चर्चा नको!

माझ्या मित्राला मी हे सांगितलं असतं तर त्याने मलाही ब्याण्णव मिनिटं टाळ्या दिल्या असत्या. पण गंमत पुढे आहे. त्याच मोरेत्तीने १९९१ मध्ये रोममध्ये स्वतःचं थिएटर सुरू केलं, नुओवो साखर, त्याच्या आवडत्या केकच्या नावावरून. तिथे उन्हाळ्यात उघड्यावर नव्या दिग्दर्शकांचे पहिलेवहिले सिनेमे दाखवतो. आणि सिनेमा संपल्यावर काय असतं? चर्चा! दिग्दर्शक समोर, मोरेत्ती बाजूला, लोक प्रश्न विचारतात. ज्याने चर्चेची इतकी टर उडवली त्यालाच ती नीट कशी करायची ते कळलं असावं, असं मला वाटतं. फांतोत्झीचा राग चर्चेवर नव्हताच मुळी, साहेबाने घेतलेल्या चर्चेवर होता. जिथे तुम्ही काय बोलायचं ते आधीच ठरलंय, तिथे टाळ्या वाजवण्याशिवाय काय उरतं. आपल्याकडचा ‘दिग्दर्शक-संवाद’ हा असाच साहेबाचा कार्यक्रम असतो. फरक एवढाच की इथे साहेब प्रायोजक असतो.

आणि चर्चा ही काय आपल्याला बाहेरून शिकायची गोष्ट आहे का? कीर्तनात पूर्वरंग असतो, उत्तररंग असतो, बुवा अभंग नुसता म्हणून मोकळे होत नाहीत, निरूपण करतात, मधेच समोरच्या म्हाताऱ्याला प्रश्न विचारतात. पुण्यात वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या काळापासून आहे. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून सिनेमे दाखवून त्यावर बोलतंय. बोलायची हौस आपल्याला दांडगी, ऐकायची कमी आहे हे मान्य, पण ती सवयीनेच येईल.

निरूपणावरून आठवलं. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याचा गौरव झाला हे आपण शाळेपासून ऐकतो. तो महोत्सव १९३२ पासूनचा, जगातला सगळ्यात जुना, आणि त्या वर्षांत तिथल्या सर्वोच्च पारितोषिकाला चक्क मुसोलिनीचं नाव होतं, हे मात्र शाळेत कुणी सांगत नाही. असो. मी नेहमी विचार करते की व्हेनिसमध्ये बसलेल्या त्या सुटाबुटातल्या माणसांना कुणी सांगितलं असेल का की वह्या नदीत बुडवणं म्हणजे काय, आणि एका शूद्राने अभंग लिहिले यात त्या सालोमालोचं पोट का दुखतंय? कुणी सांगितलं नसेल तर त्यांना एक देवभोळा माणूस आणि काही चमत्कार एवढंच दिसलं असणार. छानच दिसलं असेल, तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस दिसतातच तसे. पण जे भांडण होतं ते गेलं. २०१४ मध्ये ‘कोर्ट’ त्याच व्हेनिसला गेला आणि दोन बक्षिसं घेऊन आला, त्यातला लोकशाहीर, त्याची गाणी, सत्र न्यायालयातली ती मराठी-इंग्रजी-गुजराती सरमिसळ, हे सगळं सबटायटलमध्ये एकाच सपाट इंग्रजीत उतरतं. तेव्हा आपल्याला वाटतं ना की अरे, यांना कुणीतरी समजावून सांगायला पाहिजे होतं? मग इटालियन सिनेमाचं आपण करतो ते काय वेगळं आहे.

कारण इटालियन ही सुद्धा काही एकच भाषा नाही. दिग्दर्शक विस्कोंतीने १९४८ मध्ये सिसिलीच्या आची त्रेत्झा गावात खऱ्या कोळ्यांना घेऊन सिनेमा केला, त्यांच्याच बोलीत, आणि सुरुवातीलाच पडद्यावर लिहून टाकलं की सिसिलीत इटालियन ही गरिबांची भाषा नाही. मात्तेओ गारोनेचा ‘गोमोरा’ २००८ मध्ये आला तेव्हा नेपल्सची बोली कळावी म्हणून खुद्द इटलीत त्याला इटालियन सबटायटल लावावी लागली. आपल्याला खाली इंग्रजी ओळ दिसते आणि वाटतं सगळे सारखंच बोलतायत. मालवणी, अहिराणी, झाडीबोली बोलणारी चार माणसं एका सिनेमात आली आणि सगळ्यांच्या तोंडी प्रमाण मराठी घातली तर आपण दगड मारू.

आता त्या सात मिनिटांकडे येते.

ओल्मींचा ‘द ट्री ऑफ वुडन क्लॉग्ज’ तुम्ही पाहिला नसेल तर जरूर पाहा, तीन तासांहून थोडा जास्त आहे, १९७८ चा पाम द’ओर, म्हणजे कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक, त्याला मिळाला. बेर्गामोच्या आसपासच्या खऱ्या शेतकऱ्यांनी त्यात काम केलंय, बोली त्यांचीच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची गोष्ट. एका वाड्यात चार-पाच कुळं राहतात. सुरुवातीलाच सांगितलंय की घर, गोठा, जमीन, झाडं, जनावरांपैकी काही, सगळं मालकाचं, आणि पिकाचा दोन तृतीयांश वाटाही मालकाचा. त्यातल्या एकाचा मुलगा हुशार म्हणून पाद्री त्याला शाळेत घालायला लावतो, शाळा लांब, एक दिवस पोराची लाकडी खडाव तुटते. बाप रात्री गुपचूप मालकाच्या रांगेतलं एक झाड तोडतो आणि नवी खडाव करतो. पुढे काय होतं ते मी सांगत नाही पण तुम्हाला कळलंच असेल. तीन तास काही घडत नाही असं वाटतं, डुक्कर कापतात, मका सोलतात, आजोबा चोरून कोंबडीचं खत घालून सगळ्यांच्या आधी टोमॅटो पिकवतात, आणि शेवटच्या दहा मिनिटांत तुम्हाला कळतं की तुम्ही त्या वाड्यात राहायला गेला होतात.

तर सात मिनिटं. पहिला माईक एका गृहस्थांनी घेतला आणि “प्रश्न नाही, एक निरीक्षण आहे” म्हणत नववास्तववादावर, म्हणजे युद्धानंतरच्या इटलीतल्या साध्या माणसांच्या सिनेमांवर, साडेतीन मिनिटं भाषण केलं. दुसऱ्या मुलाने तिला तिच्या सिनेमाचं बजेट विचारलं, जो सिनेमा अजून कुणी पाहिलाच नव्हता. मग पाचव्या-सहाव्या रांगेतून एक काका उठले, सत्तरीचे असतील, खादीचा शर्ट, पिशवी. माईक हातात कसा धरायचा इथपासून तयारी. म्हणाले, “मॅडम, आमच्याकडे रत्नागिरीला खोत होते. झाड लावायचं आम्ही आणि…” इतक्यात सूत्रसंचालक म्हणाला, सर, इन इंग्लिश प्लीज, मॅडमना कळणार नाही, आणि थोडक्यात, वेळ संपलीये. काका एक क्षण उभे राहिले, मग “राहू दे” म्हणाले आणि बसले. टाळ्या. ग्रुप फोटो.

मला तिथे इतका राग आला की सांगता सोय नाही. त्या पूर्ण दिवसात त्या सिनेमाच्या सगळ्यात जवळ जाणारं वाक्य कुणी म्हणायला घेतलं असेल तर ते त्या काकांनी. खोती (कोकणातली जमीनदारी) म्हणजे काय हे त्या मुलीला माहीत नव्हतं, माझ्या शेजारच्या पोरालाही माहीत नव्हतं. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल आणलं होतं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं. म्हणजे ओल्मींच्या त्या वाड्यातली गोष्ट रत्नागिरीत सिनेमातल्या काळानंतर पन्नास वर्षं चालूच होती. हे त्या थिएटरात बोललं गेलं असतं तर तो इटालियन सिनेमा आमचा झाला असता. पण वेळ नव्हता, वेळ पगडीत गेला होता.

यावर कुणी म्हणेल दुभाषा ठेवायचा म्हणजे खर्च, शिवाय बोलण्याला दुप्पट वेळ. खर्च होईलच. पण एका पाहुण्याच्या हॉटेलच्या एका रात्रीत दुभाष्याचे दोन दिवस सहज निघतील असा माझा अंदाज आहे, आणि इटालियन शिकणारी मुलं-मुली आपल्या शहरांत आहेत, त्यांना कुणी विचारत नाही. दुप्पट वेळ लागेल हेही खरं. म्हणून तर म्हणतेय दोन सिनेमे कमी करा. खरं सांगायचं तर दुभाष्यामुळे एक फायदाही होतो, दर दोन वाक्यांनी थांबावं लागतं, त्यामुळे ‘निरीक्षण’वाल्यांचा दम आपोआप निघतो.

आणि हे सगळं कुणाच्या पैशाने चालतं याचाही विचार करा. आपल्याकडच्या मोठ्या फेस्टिव्हलना सरकारी पैसा लागलेला असतो, परदेशी दिवस असेल तर तिकडच्या दूतावासाची किंवा सांस्कृतिक खात्याची मदत असते. त्यात वाईट काही नाही. पण सरकारं सिनेमाला पैसे देतात तेव्हा त्यांना देशाचा चेहरा छान दिसायला हवा असतो, हे इटलीला पक्कं माहीत आहे. १९४९ मध्ये तिथे जुलिओ आंद्रेओत्ती नावाच्या तरुण उपमंत्र्याने कायदा आणला. इटालियन सिनेमाला अर्थसाह्य आणि थिएटरात राखीव दिवस मिळाले, पण त्याबरोबर आधी पटकथा दाखवा हेही आलं. त्याच आंद्रेओत्तींनी १९५२ मध्ये ‘उंबेर्तो डी’ हा गरीब पेन्शनरावरचा सिनेमा आल्यावर डी सिकांना उघड पत्र लिहून सुनावलं, सूर असा की घरची धुणी चव्हाट्यावर का धुताय, जगाला वाटेल इटली अशीच आहे. हेच पुढे पंतप्रधान झाले, एकदा नाही, अनेकदा. आपल्याकडे १९८० मध्ये नर्गिसनी राज्यसभेत सत्यजित राय यांच्यावर देशाची गरिबी परदेशात विकल्याचा आरोप केला, तीच धुणी. तर देशाच्या नावाचा दिवस म्हटला की हा चकचकीत चेहऱ्याचा मोह आलाच, भाषणं मैत्रीची होणार, पास्त्याचा स्टॉल लागणार. या सगळ्यात दिग्दर्शकाला लोकांसमोर मोकळं सोडणं, एवढी एकच जागा अशी आहे जिथे कुणी काय विचारेल आणि तो काय सांगेल ते आधी ठरवता येत नाही. मला तर कधी कधी वाटतं की चर्चा मुद्दाम आखडती घेतात. पण नाही, तेवढा विचार कुणी करत नसेल, सत्काराची हौसच कारण असेल.

तिसरा सिनेमा पाओला कोर्तेल्लेसीचा होता, ‘देअर इज स्टिल टुमारो’, ब्लॅक अँड व्हाइट, १९४६ चं रोम, नवऱ्याचा मार खाणारी बाई. २०२३ मध्ये इटलीत तो वर्षभरात सगळ्यात जास्त चालला, बार्बीच्याही पुढे, शाळांनी मुलांना नेऊन दाखवला. शेवट फोडत नाही. त्यानंतर संवाद नव्हता, दिग्दर्शिका आलेली नव्हती. पण संवाद झाला, लेडीज वॉशरूमच्या रांगेत! रांग मोठी, नळ एकच चालू, वीसेक बायका, आणि सगळ्या एकदम बोलत होत्या. एक म्हणाली सासरा तर डिट्टो आमच्या आबांसारखा. दुसरी म्हणाली मार दाखवताना गाणं आणि नाच का लावला, मला ते आवडलं नाही, हलकं केलं. तिसरी म्हणाली हलकं नाही केलं, रोजचं केलं. मला वाटतं त्या दिवसभरातली सगळ्यात चांगली समीक्षा तीच होती, आणि ती ऐकायला फेस्टिव्हलचा एकही माणूस तिथे नव्हता, असणं शक्यही नव्हतं म्हणा.

मी असंही म्हणत नाही की प्रत्येक सिनेमानंतर बोललंच पाहिजे. ओल्मींचा सिनेमा संपल्यावर मला स्वतःला पाच मिनिटं कुणाचा आवाज नको होता, आणि दिवे लागताक्षणी स्पीकरमधून प्रायोजकांची जाहिरात सुरू झाली तेव्हा उठून कुणाला तरी मारावंसं वाटलं. थांबा थोडं. अर्धा तास बाहेर सोडा लोकांना, चहा पिऊ दे, मग परत बोलवा. ज्यांना यायचंय ते येतील. वीस आले तरी चालतील, तीनशे लोकांच्या गर्दीत सात मिनिटांपेक्षा वीस लोकांत दीड तास केव्हाही बरा. सूत्रसंचालकाने सिनेमा पाहिलेला असला म्हणजे झालं, ही अट जास्त वाटत असेल तर सोडा.

संध्याकाळी मी टपरीवर चहाला गेले तर ते रत्नागिरीचे काका तिथेच बाकावर बसलेले. मी म्हटलं, “काका, तुमचं ते झाडाचं राहिलंच.” ते हसले. तेवढ्यात ती दिग्दर्शिका बाहेर आली, पगडीबिगडी कुठेतरी ठेवून, बरोबर एक इटालियन शिकणारी मुलगी होती, स्वयंसेवक म्हणून आलेली. मी त्या मुलीला म्हटलं, अगं, यांचं जरा सांग ना हिला. आणि काका सांगायला लागले. फणस त्यांच्या आज्याने लावलेला, पाणी आज्याने घातलं, पण फळातला वाटा खोताचा आणि लाकडाला हात लावायचा नाही. एका पावसात घराचं दार सडलं म्हणून आज्याने एक फांदी तोडली. ती मुलगी भाषांतर करत होती, अडत होती, ‘खोत’ला शब्द सापडेना म्हणून खोतच म्हणत होती. दिग्दर्शिकेने वही काढून तो शब्द लिहून घेतला. मग तिने विचारलं, घर सोडावं लागलं का?

“घर नाही सोडलं,” काका म्हणाले. “आजा गेला मुंबईला, गिरणीत. परत आला तो म्हातारा होऊनच.”

ती म्हणाली, तिच्या आजीच्या गावातून असेच मिलानच्या कारखान्यांत जायचे. मग तिने विचारलं लाकडाच्या त्या चपलेला तुमच्याकडे काय म्हणतात. काका म्हणाले खडावा, पण त्या साधूच्या, आम्ही तर अनवाणीच होतो. यावर दोघं का हसले मला नाही कळलं, पण बराच वेळ हसत होते. आतून एक मुलगा धावत आला, मॅडम, तुमची फिल्म सुरू होऊन वीस मिनिटं झाली. तिने हातानेच बस म्हणून सांगितलं आणि आणखी तीन कटिंग मागवले.